लिनक्सला दोष देण्याआधी लॅपटॉपची अँटेना बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली चालवणाऱ्या लॅपटॉपवरच्या संथ वायफायबद्दल आलेले टिपण वाचले. लेखकाचा हेतू चांगला आहे, भाषाही सोपी आहे. पण ‘टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) जशीच्या तशी चिकटवा’ म्हणून त्यात जी ओळ छापली आहे, तिच्यामुळे हे पत्र लिहावे लागले. ती ओळ आयडब्ल्यूएलवायफाय (iwlwifi) या, इंटेलची वायफाय कार्डे चालवणाऱ्या, ड्रायव्हरला ‘११एन_डिसेबल=१’ (11n_disable=1) असा पर्याय देते. याने वेग वाढत नाही, वेगावर झाकण बसते. तिथल्या १ चा अर्थ ८०२.११एन हे वायफायचे प्रमाण (स्टँडर्ड) पूर्ण बंद करा, असा आहे. ते बंद झाले की त्याच्या पायावर उभी असलेली पुढची प्रमाणेही गेली. मागे उरतो तो जुना ५४ मेगाबिटचा कमाल दर, आणि त्यातूनही प्रत्यक्ष हाती लागतात वीस-पंचवीस. कितीही भारी राउटर आणा, लॅपटॉप त्याच्या वर जाणार नाही.

ही ओळ आली कुठून, तेही सांगतो. एके काळी काही लॅपटॉपांवर वायफाय सारखे तुटायचे. ‘एन’ बंद केले की तुटणे थांबायचे, लोक समाधान मानायचे. ओळ पुढे प्रवास करत राहिली आणि वाटेत तिचे मूळ दुखणे गळून पडले. आता ती वेग वाढवण्याचा उपाय म्हणून छापली जाते. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! गंमत म्हणजे त्याच पर्यायाला १ ऐवजी ८ हा आकडा दिला तर अर्थ पार बदलतो. पाठवायची डेटाची पाकिटे एकत्र बांधून धाडण्याची सोय त्याने सुरू होते आणि काही जुन्या कार्डांवर अपलोड खरोखर सुधारतो. एका आकड्याने औषधाचे विष होत असेल, तर तो आकडा काय करतो हे छापल्याशिवाय ओळ छापू नये, एवढे मला म्हणायचे आहे.

माझी हयात रेडिओ आणि ट्रान्झिस्टर दुरुस्त करण्यात गेली. सेट टेबलावर आला की पहिला प्रश्न असायचा: स्टेशन नीट पोचत नाहीये, की पोचलेले सेटला पेलवत नाहीये? त्याचे उत्तर मिळेपर्यंत सोल्डरिंग आयर्न गरम करायचे नाही, हा शिरस्ता. वायफाय हाही रेडिओच. जुन्या रेडिओतले कॉइल आणि गँग हे भाग त्यात दिसत नाहीत म्हणून लोक त्याला सॉफ्टवेअर समजतात आणि थेट आज्ञा चिकटवायला बसतात.

लिनक्सवर हा पहिला प्रश्न विचारणे फार सोपे आहे, आणि तुमच्या टिपणात नेमके तेच नाही. टर्मिनलमध्ये ‘आयडब्ल्यू डेव्ह’ (iw dev) दिले की वायफायच्या इंटरफेसचे, म्हणजे लिनक्सने वायफाय कार्डाला दिलेले, नाव कळते, ते बहुधा डब्ल्यूएल (wl) या अक्षरांनी सुरू होते. मग ‘आयडब्ल्यू डेव्ह’, पुढे ते नाव आणि शेवटी ‘लिंक’ (link). पाच-सात ओळी येतात. त्यातल्या तीन वाचायच्या.

पहिली फ्रिक्वेन्सीची. २४१२ ते २४७२ च्या दरम्यानचा आकडा असेल तर तुम्ही २.४ गिगाहर्ट्‌झच्या गर्दीत उभे आहात. शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळ्यांचा गोंगाट तिथे, आणि एकमेकांवर न चढणारी चॅनेल फक्त तीन: १, ६ आणि ११. ५१८० ते ५८८५ च्या दरम्यानचा आकडा असेल तर तुम्ही ५ गिगाहर्ट्‌झवर आहात. तिथे जागा ऐसपैस, पण भिंतीपुढे दम लवकर संपतो. ‘माझा मोबाइल त्याच जागेवर सुसाट चालतो, मग लॅपटॉप का नाही’ ही तक्रार मी नेहमी ऐकतो. पुष्कळदा उत्तर इथेच असते. दोन्ही पट्ट्यांना राउटरने एकच नाव दिलेले असते, मोबाइल ५ वर जाऊन बसलेला असतो आणि लॅपटॉप २.४ वर.

दुसरी ओळ सिग्नलची, उणे डीबीएममध्ये. डीबीएम हे सिग्नलची शक्ती मोजायचे एकक, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. उणे ४५-५० म्हणजे उत्तम, उणे ६५ च्या आसपास काम छान चालते, उणे ८० ला रडारड. हा आकडा साध्या पट्टीचा नाही. दर १० डेसिबलला शक्ती दहा पटींनी पडते, म्हणजे उणे ५० आणि उणे ८० यांच्यात हजार पटींचा फरक आहे. पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्या चार कमानी ही गोष्ट कधीच सांगत नाहीत. मला त्या कमानींचा राग आहे, असे म्हटले तरी चालेल.

तिसरी ओळ बिटरेटची. इथे ‘एमसीएस’ (MCS) ही अक्षरे, म्हणजे ‘एन’ आणि त्यापुढच्या प्रमाणांची खूण, दिसली पाहिजेत. ती नसतील आणि नुसताच ५४ किंवा त्याहून लहान आकडा असेल, तर समजा की लॅपटॉप जुन्या प्रमाणावर अडकला आहे. मात्र काहीतरी मोठे डाउनलोड चालू ठेवूनच ही ओळ वाचा. काही ड्रायव्हर रिकाम्या वेळी १ किंवा ६ दाखवतात आणि माणूस उगाच घाबरतो. शिवाय दाखवलेला दर हा हवेतला दर असतो, पदरात साधारण निम्मा पडतो, आणि तोही मेगाबिटमध्ये. फाइल मॅनेजर मेगाबाइट मोजतो, म्हणजे पुन्हा भागिले आठ. ७२ चा दर दिसत असताना सेकंदाला चार-पाच मेगाबाइट मिळत असतील, तर तक्रारीला जागा नाही.

आता एक लॅपटॉप सांगतो. इंजिनीअरिंगला असलेली एक मुलगी तो घेऊन आली. ‘काका, लिनक्स टाकल्यापासून नेट मेलंय,’ म्हणाली. नेट देणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनवर लिनक्सचे नाव काढताच पलीकडच्या माणसाने ‘आम्ही त्याला सपोर्ट देत नाही’ म्हणून फोन ठेवला होता. कॉलेजातल्या मित्रांनी तिला तुमच्या टिपणासारख्या ओळी देऊन झाल्या होत्या. मी लॅपटॉप राउटरच्या शेजारी, हातभर अंतरावर ठेवला आणि लिंक बघितली. सिग्नल उणे ७१. हातभर अंतरावर! तिथे उणे ३०-३५ यायला हवे. कोणतेही सॉफ्टवेअर इतके डेसिबल खात नाही. विचारले, लॅपटॉप मध्यंतरी उघडला होता का? तर बिजागरी तुटली म्हणून दुरुस्तीला दिला होता, आणि परत आल्यावर त्याच रात्री तिने लिनक्स टाकले होते. दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या आणि आळ नव्या पाहुण्यावर आला.

बहुतेक लॅपटॉपांच्या अँटेना स्क्रीनच्या चौकटीत असतात. तिथून दोन बारीक कोअॅक्सियल वायरी, बहुधा एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीतून खाली येतात आणि वायफाय कार्डावरच्या मसुराएवढ्या पितळी बटणांवर टिचकन बसतात. खालचे झाकण काढले. काळी वायर बटणाच्या शेजारी सुटून पडली होती. पांढरी बसल्यासारखी दिसत होती, पण नखाने हलवल्यावर वर आली. कार्ड बिचारे अँटेनाविना, त्या उघड्या बटणांवर जेवढे येईल तेवढे गोळा करत होते. दोन्ही टोके बटणांवर सरळ धरून अंगठ्याने दाबली, टिक् आवाज आला. लिंक पुन्हा बघितली: उणे ३३, आणि बिटरेटच्या ओळीत दोन स्ट्रीमचे, म्हणजे दोन्ही अँटेना कामाला लागल्याचे, एमसीएस. ही टोके तिरकी दाबू नयेत, आतली पिन वाकली की कार्डच बदलावे लागते. आणि कार्डाला हात लावण्याआधी बॅटरी सुटी करावी, हे सांगायला नकोच.

प्रत्येक वेळी अँटेनाच सापडते असे नाही. सिग्नल झकास आणि तरी दर ५४ वर चिकटलेला, असे दिसले तर राउटरच्या सेटिंगमध्ये जा. सुरक्षेसाठी तिथे जुने डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी निवडलेले असेल, तर लिनक्स ‘एन’ वापरतच नाही, कारण २००९ साली पक्क्या झालेल्या त्या प्रमाणात या जुन्या कुलपांना मनाई आहे. डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडले की वेग मोकळा होतो. राउटरवर डब्ल्यूएमएम, म्हणजे कोणत्या पाकिटांना आधी जाऊ द्यायचे ते ठरवणारी सोय, बंद केलेले असेल तरीही तीच गत. आणि मला लिनक्सचे कौतुक वाटते ते इथे: तो हे लपवत नाही. टर्मिनलमध्ये ‘डीमेसेज’ (dmesg) ही आज्ञा देऊन नोंदी काढून बघा, एचटी (‘एन’चेच दुसरे नाव) का बंद केले याचे कारण कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, एका ओळीत लिहून ठेवलेले असते. तुमच्या टिपणात डीमेसेजचा उल्लेखही नाही, याचे नवल वाटते.

दर उत्तम, पण पान उघडताना अडखळते, व्हिडिओ कॉलमध्ये आवाज मागेपुढे होतो, अशी तक्रार निराळी. तिथे राउटरच्याच पत्त्यावर पिंग (ping), म्हणजे उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा, लावून ठेवा. उत्तरे दोन-तीन मिलिसेकंदांत यायला हवीत. ती कधी ३, कधी ९०, कधी ६० अशी उड्या मारत असतील, तर कार्ड डुलक्या घेते आहे. राउटर साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी हाळी देतो. वीज वाचवणारे कार्ड त्या हाळीपुरते जागे होते आणि आपल्यासाठी काही आहे का ते बघते. ‘आयडब्ल्यू’नेच पॉवर सेव्ह ऑफ करून बघा. फरक पडला तर नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंग फाइलमध्ये वायफाय पॉवरसेव्हला (wifi.powersave) २ हा आकडा द्या म्हणजे ते कायम बंद राहील. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात तिथे आधीपासून ३ असू शकतो, त्याचा अर्थ चालू. हा उपाय तुमच्या टिपणात आहे आणि बरोबर आहे, मात्र तो वेगाचा नसून अडखळण्याचा आहे.

गोंगाटाचे एक कारण तर डोळ्यांसमोर असून दिसत नाही. यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क. तिच्या केबलमधून २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास खरखर बाहेर पडते, आणि २०१२ साली इंटेलने स्वतःच त्यावर सविस्तर टिपण काढले होते. बॅकअप चालू असतानाच वायफाय मंदावत असेल तर डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा, चांगल्या शील्डिंगची केबल वापरा, नाहीतर ५ गिगाहर्ट्‌झवर जा. कानाला लावलेला ब्लूटूथ हेडफोनही २.४ वर वाटेकरी असतो. अनेक कार्डांत तो वायफायचीच अँटेना वापरतो.

लिनक्सचा दोष कधीच नसतो, असे म्हणणारा भक्त मी नाही. नव्या कार्डाला जुना कर्नल पुरत नाही. फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल गैरहजर असते. काही चिपांचे ड्रायव्हर कामचलाऊ असतात आणि वर्षानुवर्षे तसेच राहतात. हे ताडून बघायला लिनक्सच्या उबुंटूसारख्या एखाद्या वितरणाची ताजी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेऊन लॅपटॉप त्यावरून सुरू करावा. डिस्कला हात लागत नाही. तिथे वेग आला तर दोष आपल्या जुन्या कर्नलचा किंवा फर्मवेअरचा, आणि अपडेट हाच उपाय. तिथेही रडकथा तीच असेल तर आयपर्फ३ (iperf3) हे वेग मोजायचे साधन घ्या: घरातला दुसरा संगणक केबलने राउटरला जोडा आणि दोघांमधला वेग मोजा. आतला वेग चांगला आणि बाहेरचा वाईट, तर वायफाय निर्दोष आहे, घरापर्यंत येणाऱ्या लाइनची तक्रार करा.

लॅपटॉप विकणाऱ्यांकडेही माझे एक मागणे आहे. खोक्यावर प्रोसेसर, मेमरी, स्क्रीनचे इंच सगळे ठळक छापता, वायफायच्या चिपचे नाव मात्र गुलदस्त्यात. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत दोन वेगळ्या चिपा निघतात. लिनक्स वापरणाऱ्याला तेवढे एक नाव आधी कळले, तर निम्म्या कटकटी दुकानातच मिटतील.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी, आणि ती मूळ टिपणाइतक्याच मोठ्या अक्षरात. ज्यांनी ती ओळ चिकटवली आहे त्यांनी इटीसीमधल्या मॉडप्रोब.डी (/etc/modprobe.d) फोल्डरातल्या फाइलींत ११एन_डिसेबल शोधावे, १ असलेली ती ओळ पुसावी आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. मग डाउनलोड चालू ठेवून लिंक बघावी. बिटरेटच्या ओळीत एमसीएस परत आले की झाकण निघाले.

आपला,
एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक