गावानं विकत घेतलेला पब

कार्लाइल, इंग्लंड,
१६ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. "डेअरीच्या चेअरमनपदाचा राजीनामा लिहून ठेवलाय, सही तेवढी बाकी आहे" हे वाक्य मी तीनदा वाचलं. खासगी गाडी दारात येते, लिटरमागे दोन रुपये जास्त देते, वर उचलही देते, आणि आपल्या काट्यावर आता म्हातारी माणसंच किटल्या घेऊन येतात, असं तू लिहिलंस. यावर इथं बसून मी तुला काय शहाणपण सांगणार? पण गेल्या रविवारी एका गावाला जाऊन आलो. तिथं असताना सारखी तुझीच आठवण येत होती. फोनवर सांगितलं असतं तर निम्मं राहून गेलं असतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

गावाचं नाव हेस्केट न्यूमार्केट. इथून दक्षिणेला गाडीनं अर्धा-पाऊण तास. लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर जिथं सुरू होतात तिथं, अगदी पायथ्याला वसलेलं. मधोमध लांबट हिरवं मैदान, त्याच्या दोन्ही अंगांनी दगडी घरं, आणि मैदानात चार खांबांवर छप्पर टाकलेली बाजाराची जुनी जागा. एकेकाळी इथं बाजार भरायचा, गावाच्या नावातच तो आहे. आता बाजार भरत नाही, माणसंही मोजकीच. आमच्या खात्यातला एक वयस्कर सहकारी त्या भागातला. तो म्हणाला, चल, तुला आमचा पब दाखवतो. 'आमचा' हा शब्द त्यानं किती अक्षरशः वापरला होता, ते मला तिथं गेल्यावर कळलं.

पबात गेलो म्हटल्यावर तुला काय वाटलं असेल ते मला ठाऊक आहे. आमच्या घरात दारूनं काय केलं हे तुझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. बाजारच्या दिवशी स्टँडमागच्या गुत्त्यातून दादांना आपण दोघांनी दोन्हीकडून धरून आणलंय, तेव्हा आपण सातवीत होतो. पुढं तुझ्या आईनं गावातल्या बायका गोळा केल्या आणि आडव्या बाटलीसाठी मतदान लावलं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. गावातल्या एकूण बाई मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली तरच दुकान बंद, नुसत्या आलेल्यांतली निम्मी चालत नाहीत. माझी आई तापानं फणफणली होती, तरी शाळेपर्यंत चालत गेली. त्या दिवशी दुकान बंद झालं नसतं तर आमचं घर उभं राहिलं नसतं, हे मी आजही मानतो. इकडं येऊन अकरा वर्षं झाली, मी थेंबाला शिवलो नाही. त्यामुळं त्या दाराशी मीही जरा घुटमळलोच.

पबाचं नाव ओल्ड क्राउन. आत शिरलं की छत हाताला लागेल इतकं खाली, खोल्या लहान, शेकोटीत ओंडका धुमसत होता आणि तिच्यासमोर एक कुत्रं अंग ताणून झोपलेलं. एका टेबलावर आजोबा आणि नातू डॉमिनो खेळत होते. नातवापुढं दुधाचा पेला. दोन बायका चहा पीत शाळेच्या बसचं काहीतरी ठरवत होत्या. मी लेमोनेड मागितलं, तर कुणी वळूनही पाहिलं नाही. गुत्ता म्हणून जे माझ्या डोक्यात होतं, त्यातलं तिथं काहीच नव्हतं. होती ती चावडी, किंवा आपला पार म्हण.

सहकाऱ्यानं बिअर घेतली. ती ओतताना मी जवळ उभा राहून पाहत होतो. इथं बाटली उघडत नाहीत. खाली तळघरात पिंप असतं आणि त्यात बिअर अजून आंबतच असते, जिवंत असते. वर लाकडी दांडा. बाईनं तो संथपणे ओढला, जसा आपण हापसा मारतो, पण सगळं अंग टाकून. एकदा, दोनदा, आणि मग अर्धाच. पेल्यात तांबूस रंग खालून वर चढला, फेस काठावर आला आणि तिथंच थांबला. तळघरातला गारवा बारा अंशांच्या आसपास राखावा लागतो. पिंप उघडलं की चार दिवसांत संपवायचं, नाहीतर आंबट होतं. म्हणजे रोज माणसं आली तरच हे चालतं. दुधाचंही तसंच, नाही का?

आता खरी गोष्ट. पबाच्या मागं एक कोठार आहे. १९८८ साली तिथं एकानं बिअर बनवायची छोटी भट्टी सुरू केली. बिअरला नावं दिली ती आसपासच्या डोंगरांची: स्किडॉ, ब्लेन्कॅथ्रा, हाय पाइक. एक मात्र निराळी, मालकाच्या सासूबाईंच्या, डोरिसच्या, नव्वदाव्या वाढदिवसासाठी केलेली. तिला डोरिसचंच नाव आहे आणि ती लोकांची लाडकी झाली. १९९९ मध्ये मालकानं निवृत्त व्हायचं ठरवलं. बाहेरच्या कुणी भट्टी घेतली असती तर नाव ठेवून सगळं दुसरीकडं हलवलं असतं. गावानं आणि आसपासच्या लोकांनी सहकारी संस्था काढली आणि भट्टी विकत घेतली.

पब मात्र अजून खासगी होता. चार वर्षांनी तो चालवणाऱ्यांनाही थांबायचं होतं. इथल्या पबांचं एक दुखणं तुला सांगायला हवं. बऱ्याच पबांची मालकी मोठ्या कंपन्यांकडं असते. चालवणारा भाडं भरतो आणि बिअर घ्यायची ती मालकाकडूनच, मालक सांगेल त्या भावानं. बाजारात स्वस्त मिळत असली तरी नाही. भाडं वाढतं, भाव वाढतो, माणूस खचतो, पब बंद पडतो, मग त्या इमारतीत कुणीतरी घर करतं. असे गेलेले पब इथं गावोगाव दिसतात. दारावर पाटी लटकवायची लोखंडी कमान राहते आणि पाटी गेलेली असते.

हेस्केटकरांना हे दिसत होतं. २००३ साली सव्वाशेच्या आसपास लोकांनी प्रत्येकी १५०० पौंड घातले आणि ओल्ड क्राउन विकत घेतला. सहकारी मालकीचा ब्रिटनमधला हा पहिला पब. इमारत संस्थेची. चालवायला माणूस नेमायचा, त्याच्याकडून भाडं घ्यायचं. सभासदांत शेतकरी आहेत, निवृत्त शिक्षक आहेत आणि क्रिस बॉनिंग्टनही आहेत. एव्हरेस्टच्या नैऋत्य भिंतीवरून १९७५ साली पहिल्यांदा वर पोचलेल्या मोहिमेचे नेते तेच. शेजारच्याच गावात ते अनेक वर्षं राहिलेत. मतदानाला मात्र बॉनिंग्टन असो की मेंढपाळ, एका सभासदाला एकच मत.

दत्ता, हे ऐकलं आणि मला तुझी वार्षिक सभा आठवली. शाळेच्या पटांगणातली सतरंजी, अहवाल वाचन, आयत्या वेळच्या विषयात कोपऱ्यातून उठणारे भिवाआप्पा. एक सभासद, एक मत. हे तत्त्व ज्यांनी घालून दिलं ते रॉचडेलचे लोकही इथून दोन-अडीच तासांवरचे. १८४४ सालच्या डिसेंबरात अठ्ठावीस जणांनी सहकारी दुकान काढलं. त्यात विणकर बरेच. मांडायला माल काय, तर पीठ, लोणी, साखर, ओट आणि थोड्या मेणबत्त्या. तिथून ते सगळं फिरत फिरत १९०४ च्या सहकार कायद्यातून आपल्याकडं आलं आणि १९५० साली प्रवरा परिसरात लोणी गावाला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्या लोकांचं आणि आपलं नातं असं आहे, हे मी सहकाऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं पेला खाली ठेवला. त्यानं मला लोणीच्या कारखान्याबद्दल इतकं विचारलं की माझी उत्तरं संपली.

परत येताना त्यानं गाडीत आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुझ्या आईला आवर्जून वाचून दाखव. पहिल्या महायुद्धात इथून जवळ ग्रेटना इथं तोफांच्या दारूचा प्रचंड कारखाना निघाला. तो बांधायला हजारो मजूर आले. कार्लाइलच्या पबांत दंगा सुरू झाला. तेव्हा, १९१६ मध्ये, सरकारनं इथल्या भट्ट्या आणि पब चक्क ताब्यात घेतले. चालवणाऱ्याला ठरलेला पगार, म्हणजे जास्त पाजून त्याला फायदा नाही. जेवणाची सोय करायला लावली. दुसऱ्याला पाजायला बंदी, ज्याची त्यानं घ्यायची. काही काळ शनिवारी कडक दारू विकायचीच नाही असाही नियम होता. आणि युद्ध संपल्यावरही ही सरकारी मालकी १९७३ पर्यंत चालली, पन्नासहून जास्त वर्षं! शनिवारचं ऐकलं आणि मला आपला बाजारचा दिवस आठवला. दादांच्या पिढीला असं कुणी आवरलं असतं तर, असं मनात आलं. उरलेल्या रस्त्यात मी फारसा बोललो नाही.

रात्री झोप लागेना. आपल्या आयांनी दुकान बंद पाडलं आणि ह्या लोकांनी दुकान राखलं, तरी मला दोन्हीकडं एकच माणसं दिसत होती. आपल्या गावात काय राहावं आणि काय राहू नये हे आपण ठरवायचं, म्हणून घराबाहेर पडलेली.

तुला एक विचारायचं राहिलं. दादांच्या नावचा डेअरीचा शेअर अजून दादांच्याच नावावर आहे. ते गेल्यापासून दूध धाकटा घालतो, पण वारस नोंद कुणी केलीच नाही. त्याला काय काय कागद लागतात ते कळव. मृत्यूचा दाखला माझ्याकडं आहे, प्रतिज्ञापत्र तिथं आल्यावर करता येईल. भाग भांडवल वाढवायचं ठरलं तर धाकट्याच्या नावानं किती भरता येईल तेही उपविधीत बघून ठेव. सहकाऱ्याला संस्थेच्या दारावरच्या पाटीचा फोटो हवाय, 'विना सहकार नाही उद्धार' वाली. तेवढा संध्याकाळी काट्याच्या वेळी काढ, म्हणजे किटल्या आणि माणसंही येतील.

मी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय. सही तोवर करू नकोस.

आईंना साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विलास