दाढ काढायची घाई नको

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, दाढ दुखते म्हणून "दाढच काढून टाकते, कटकट मिटेल" हे डोक्यातून काढ बघू. दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून दाढ ठणठणीत आहे म्हटलंय ना? मग चांगली दाढ कशाला घालवायची? मला संशय आहे तो कानापुढच्या जबड्याच्या सांध्याचा, आणि त्याहून जास्त तुझ्या मानेचा. ओपीडीत असे पेशंट नेहमी बघते मी.

ताठ बसून वर छताकडे बघ, दात हलकेच टेकव. मग खाली बघून टेकव. दोन्ही वेळा दात वेगळ्या जागी भेटतात, हो ना? आता समोर बघून आ कर. बाबा, तुम्ही बाजूने बघा, तिचं डोकं किंचित मागे जाईल. जबडा एकटा हलतच नाही, मान सोबत असते. त्यात चेहऱ्याच्या नसेचं मेंदूतलं केंद्र पार मानेच्या वरच्या मणक्यांपर्यंत खाली उतरतं आणि मानेच्या नसाही तिथेच येऊन मिळतात. त्यामुळे मान आखडली तरी दुखतो जबडा. उलटंही होतं.

आता तुझी सवय. उशी दुमडून, हनुवटी छातीला लावून मोबाईलवर मालिका बघायच्या, वर तोंडात सुपारी! सुपारी बंद. भाकरी आमटीत कुस्करून खा, दोन्ही बाजूंनी चाव. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. दात एकमेकांना लागायचे ते फक्त जेवताना.

बाबा, तुमचाही जबडा वाजतो, पण दुखत नाही, अडकत नाही. त्याला काही करायचं नाही, उगाच काळजी करू नका.

मात्र जिना चढताना जबडा दुखला, छाती भरून आली, घाम सुटला, तर ते हृदयाचं असू शकतं. कुणालाही झालं तरी तडक दवाखाना गाठा. कानशील नव्याने दुखू लागलं, चावताना जबडा थकला किंवा अंधुक दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. उतारवयात हे अंगावर काढायचं नसतं.

शनिवारी येते आणि आईला माझ्या सहकारी फिजिओकडे नेते. मी स्वतः तपासणार नाही, आपल्या माणसाला तपासताना हात कचरतो. बाबा, एक्स-रे पिशवीत घालून ठेवा आणि दाढेची अपॉइंटमेंट आजच रद्द करा.

तुमची,
ताई