बाकावर विचारलेल्या त्या एका प्रश्नासाठी

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हीच म्हणालात, "लिहायचं तर खुशाल लिहा, फक्त माझं नाव नको." पण तुम्ही वाचाल हे मला माहीत आहे. परवा माझ्या वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला एक वर्ष झालं. आभार फोनवर मानायला गेले की माझा गळा भरून येतो आणि तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र.

2024 च्या श्रावणात आपली भेट झाली. मी औशाहून रात्रीच्या गाडीने संभाजीनगरच्या हॉस्पिटलात आले होते. वजन 118 किलो, शुगर नऊ वर्षांची, गुडघे असे की वर्गात फळ्यासमोर सलग एक तास उभं राहणं होत नव्हतं. हातात फाइल होती आणि डोक्यात एकच शब्द पक्का बसला होता, स्लीव्ह. माझ्या आतेभावाने 2022 मध्ये स्लीव्ह केली होती आणि बाराव्या दिवशी तो लातूरला दुकानाच्या गल्ल्यावर बसला होता. मला वाटायचं, वजनाचं ऑपरेशन म्हणजे तेच एक.

तुम्ही हॉस्पिटलच्या बाकावर शेजारी बसून डबा खात होतात. वजनासाठीच्या पोटाच्या बायपासला तीन वर्षं झाली म्हणून रक्ततपासणीला आला होतात. तो डबा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे: एक उकडलेलं अंडं, वाटीभर घट्ट वरण, मेथीची भाजी आणि चतकोर भाकरी. आधी अंडं, मग वरण, भाकरी सगळ्यात शेवटी. पाण्याची बाटली मुद्दाम पिशवीत ठेवलेली. एकेक घास इतका चावत होतात की मी घड्याळ पाहिलं. पंचवीस मिनिटं लागली. मग तुम्ही मला विचारलंत, "रात्री आडवं झालं की छातीत जळजळतं का हो?"

जळजळायचं. सहा-सात वर्षं मी दोन उशा घेऊन झोपत होते. ठेचा-भाकरी खाणाऱ्या घरात जळजळ हा काही आजार असतो, असं आमच्याकडे कुणाला वाटत नाही. म्हणून डॉक्टरांनाही मी ते सांगितलं नव्हतं.

तुम्ही पदराचा काठ चिमटीत धरलात आणि उभी अरुंद पट्टी करून दाखवलीत. म्हणालात, "ही स्लीव्ह. जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्तच कापून बाहेर काढतात, उरते ती केळ्यासारखी नळी. आतड्याला हात लावत नाहीत. भूक चेतवणारं घ्रेलिन जास्त करून त्या कापलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे भूकही मंदावते. पण नळी अरुंद, आतला दाब जास्त. ज्याला आधीच आंबट वर येतं, त्याचा त्रास वाढू शकतो." मग पदराच्या टोकाला छोटी गाठ मारलीत. "हा माझा बायपास. वर एवढासा कप्पा, साधारण 30 मिलीचा. बाकीचं जठर आतच राहतं, पण अन्न त्यात जात नाही. छोटं आतडं खालून उचलून या कप्प्याला जोडतात. दोन ठिकाणी जोड. जळजळ बहुतेक कमी होते, शुगरलाही चांगला उतार पडतो. पण व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, आणि त्यात हयगय चालत नाही."

शेवटी म्हणालात, "मी काही डॉक्टर नाही. एवढंच करा, आत गेल्यावर जळजळीचं सांगा."

मी सांगितलं. डॉक्टरांनी लगेच एन्डोस्कोपी करायला लावली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज होती आणि जठराचा थोडा भाग वर छातीकडे सरकलेला होता. स्लीव्ह रद्द झाली, बायपास ठरला. ताई, तो प्रश्न तुम्ही विचारला नसता तर मी कुठलं ऑपरेशन करून घेतलं असतं, हा विचार आजही रात्री मनात येतो.

आतेभावाची स्लीव्ह वाईट झाली असं मी म्हणणार नाही. त्याचं 36 किलो वजन उतरलं, तो समाधानी आहे. पण रोज सकाळी उपाशीपोटी त्याला अॅसिडिटीची गोळी लागते, जी आधी लागत नव्हती. माझ्या शेजारच्या खाटेवर परभणीचे एक काका होते, त्यांचा मिनी बायपास. त्यात कप्पा लांबट असतो आणि जोड एकच. ऑपरेशनला वेळ कमी लागतो, पण पित्त उलटून कप्प्यात येण्याची शक्यता असते. तिघांचे तीन रस्ते. कुणाचा बरा, हे त्या माणसाच्या पोटावर ठरतं, शेजाऱ्याच्या वजनाच्या आकड्यावर नाही. मला मध्येच एका ठिकाणाहून सारखे फोन येत होते, "मॅडम, बलून टाका, कापाकापीच नाही, महिनाअखेरपर्यंत सूट आहे." जठरात ठेवायचा तो फुगा साधारण सहा महिन्यांनी काढावा लागतो आणि नंतर वजन परत चढण्याची भीती असते, हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही. तुम्ही सांगितलंत.

आमच्या सासूबाईंना तुम्ही फोनवर कसं समजावलंत, त्याबद्दल तर काय बोलू! "आतडं कापून परत जोडायचं म्हंजे ते काय गोधडी हाय का?" म्हणत त्या रडत होत्या. तुम्ही त्यांना औषधांची नावं सांगत बसला नाहीत. "मावशी, मीही तुमच्या सुनेएवढीच होते, आता शेतात चालत जाते," असं म्हणालात. त्या गप्प झाल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच माझी पिशवी भरायला बसल्या.

दिवाळीनंतर दोन आठवडे पातळ आहार, लिव्हरची सूज कमी व्हावी म्हणून. मग ऑपरेशन. ऑपरेशनच्या रात्री पोटापेक्षा खांदाच जास्त ठणकत होता. मला वाटलं, हार्टचं काही झालं. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की दुर्बिणीतून ऑपरेशन करताना पोटात गॅस भरतात, त्याने खांदा दुखतो, चाललं की उतरतो. सिस्टरचा हात धरून वॉर्डात चार फेऱ्या मारल्या. औषधाच्या छोट्या टोपणाने पाणी, एकेक घोट, दर काही मिनिटांनी. पाण्याला चव असते हे मला त्या रात्री कळलं. आणि तुमचा तो सक्त इशारा पाठ होता: नाडी सारखी जोरात चालली, ताप आला किंवा पोटाचं दुखणं वाढत गेलं तर सकाळची वाट बघायची नाही, जोड गळतोय का ते लगेच बघायला सांगायचं. सुदैवाने तशी वेळ आली नाही. चौथ्या दिवशी घरी आले.

घरी खरी परीक्षा होती. आमच्या गल्लीत टँकर येतो. सहा आठवडे घागर उचलायची नाही म्हटल्यावर ह्यांनी पाणी भरलं. बायका बघायच्या, ह्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. तुम्ही ह्यांना फोन करून म्हणालात, "दादा, महिनाभर भरा, पुढची वीस वर्षं त्या भरतील." त्यानंतर ह्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

येळवस, म्हणजे शेतात पूजा करून जेवायची आमची अमावास्या, आली तेव्हा मला सहा आठवडे झाले होते. शेतात कोपीपुढे पंगत बसली, भज्जी या मिश्र भाजीचं पातेलं, उंडे, आंबिलीचं मडकं, आणि आग्रह तर तुम्हाला माहीतच आहे. मी दोन चमचे भज्जी खाल्ली आणि अर्ध्या तासाने वाटीभर पातळ आंबील घोटघोट पिऊन संपवली. पोट भरलं. भावजय म्हणाली, "एवढ्यानं काय होतंय?" मी तुम्ही शिकवलेलं वाक्य बोलले, "वहिनी, माझं ताट आता एवढंच आहे, पण चव सगळी घेतली." आग्रह थांबला.

होळीला मात्र चुकले. एक अख्खी पुरणपोळी, वर गुळवणी. वीस मिनिटांत घाम फुटला, छाती धडधडली, डोळ्यांपुढे अंधारी आली. पलंगावर पडूनच तुम्हाला फोन लावला. तुम्ही रागावला नाहीत. "हे डम्पिंग. गोड भसकन आतड्यात उतरलं. पडून राहा, उतरेल. आणि मनाला लावून घेऊ नका." मला त्या दिवशी औषधापेक्षा त्या शेवटच्या वाक्याची गरज होती.

चौथ्या महिन्यात केस कंगव्यात गुच्छाने यायला लागले. तुम्ही म्हणालात, मुळं जिवंत आहेत, दिवसाला साठ ग्रॅम प्रोटीन पोटात जातंय का ते आधी बघा. जात नव्हतं. अंडी, ताक-पनीर, मुगाचं धिरडं वाढवलं. आता कानामागे नवे बारीक केस आलेत.

तुमच्या अक्षरातला कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे: "दुकानातून अंगदुखीची गोळी आणायची नाही, जोडाच्या जागी अल्सर होतो. बी-12, लोह, कॅल्शियम, डी. दरवर्षी रक्त तपासा." सासूबाईंना वाचता येत नाही, पण कुणी गुडघ्यासाठी गोळी पुढे केली की त्या फ्रिजवरच्या कागदाकडे बोट दाखवतात.

आज माझं वजन 81 आहे. इन्सुलिन बंद आहे; डॉक्टर म्हणतात, शुगर परत येऊ शकते, तपासत राहा. ते मी करते. उशी एकच लागते.

येत्या डिसेंबरात येळवशीला आमच्या शेतात या ताई. तुमच्यासाठी आंबील वेगळी काढून ठेवते, पातळ, लसूण बेताचा. जेवताना तुमच्यापुढे पाण्याचा तांब्या कुणी ठेवणार नाही, ते मी बघते.

तुमची,
औशाची मास्तरीण