कॉफीच्या पाकिटावरचा शिक्का आणि उत्पादकाचा भाव

प्रति,
मा. संपादक,
नागपूर आवृत्ती

विषय: ‘फेअर ट्रेड’ कॉफीची विक्री आणि तिच्या उत्पादकांना प्रत्यक्षात मिळणारा दर

महोदय,

धरमपेठ, बजाजनगर आणि सिव्हिल लाइन्स या भागांत गेल्या काही वर्षांत कॉफीची बरीच नवी दुकाने निघाली आहेत. त्यांपैकी काहींच्या पाट्यांवर आणि विक्रीच्या पाकिटांवर ‘फेअर ट्रेड’ (उत्पादकाला किमान दर मिळाल्याचे सांगणारा शिक्का), ‘थेट शेतकऱ्यांकडून’, ‘सेंद्रिय’ असे शब्द ठळकपणे छापलेले दिसतात. एका कपासाठी दीडशे-दोनशे रुपये मोजणारा ग्राहक ते वाचतो आणि आपल्या पैशांतील रास्त वाटा पिकवणाऱ्यापर्यंत पोहोचत असेल, असे गृहीत धरून निघून जातो. हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत आणि त्यांपैकी प्रत्येकामागचा व्यवहार वेगळा आहे. सहकार खात्यात नोकरी झाल्यामुळे आणि घरची शेती काटोल तालुक्यात असल्यामुळे, मालाच्या भावाविषयी कोणी मोघम बोलू लागले की मला थोडे खोलात जाण्याची सवय लागली आहे. म्हणून हे पत्र.

कॉफीच्या भावाचा प्रश्न समजण्यासाठी आधी झाडाकडे पाहावे लागते. कॉफीचे रोप लावल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते फळ धरू लागते आणि पुढे अनेक वर्षे उत्पन्न देते. त्यामुळे भाव पडला म्हणून कापूस सोडून पुढच्या हंगामात सोयाबीन पेरावे, तशी सोय कॉफी उत्पादकाला नसते. उलट भाव चढला म्हणून त्याच वर्षी उत्पादनही वाढवता येत नाही. बाग तोडायची की आणखी दोन वर्षे तोटा सोसायचा, हा निर्णय किती जड असतो, ते आपल्याकडील संत्रा बागायतदारांना ठाऊक आहे. ब्राझीलमध्ये कडाक्याच्या थंडीने दव गोठले किंवा व्हिएतनाममध्ये दुष्काळ झाला तर जगभर भाव उसळतात, आणि त्या तेजीत लावलेली झाडे फळाला येतात तेव्हा बाजारात माल मावत नाही.

हे चढउतार आटोक्यात ठेवण्यासाठी १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करार झाला. त्याद्वारे निर्यातदार देशांना कोटा ठरवून दिला जात असे. जुलै १९८९ मध्ये ही कोटा पद्धत कोसळली आणि भाव घसरले. २००१ च्या सुमारास तर अरेबिकाचा, म्हणजे कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी महागड्या जातीचा, दर पौंडाला (सुमारे ४५४ ग्रॅमला) पन्नास सेंटच्याही खाली गेला होता. भारतात या काळात निराळीच व्यवस्था होती. १९४२ च्या कायद्यानुसार उत्पादकांना आपला माल केंद्र सरकारच्या कॉफी मंडळाच्या सामाईक साठ्यात जमा करावा लागे आणि पैसे पुढे हप्त्याहप्त्याने मिळत. आपल्या राज्यात १९७२ पासून चाललेली एकाधिकार कापूस खरेदी योजना आणि तिचे रखडणारे चुकारे ज्यांनी अनुभवले, त्यांना ही पद्धत अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. नव्वदच्या दशकात टप्प्याटप्प्याने ही सक्ती उठली. उत्पादक मोकळा झाला, आणि थेट जागतिक बाजारासमोर उभा राहिला.

फेअर ट्रेडचा शिक्का याच काळातला. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातल्या आदिवासी कॉफी उत्पादकांच्या सहकारी संस्थेचा माल १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये एका स्वतंत्र चिन्हाखाली विकला जाऊ लागला. नंतर निरनिराळ्या देशांतील अशा संस्था एकत्र आल्या आणि १९९७ मध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या आजच्या अटी थोडक्यात अशा आहेत. धुतलेल्या (पाण्याने गर काढून वाळवलेल्या) अरेबिका कॉफीसाठी किमान दर पौंडाला १.८० डॉलर आहे. बारा वर्षे तो १.४० डॉलरवर अडून होता आणि ऑगस्ट २०२३ पासून वाढवण्यात आला. बाजारभाव याहून अधिक असेल तर बाजारभाव द्यावा लागतो. त्याशिवाय पौंडामागे २० सेंट अधिमूल्य संस्थेला मिळते. त्याचा विनियोग सभासदांच्या सर्वसाधारण सभेने ठरवायचा असतो आणि त्यातील निदान पाच सेंट उत्पादकता व गुणवत्ता यांवर खर्च करायचे असतात. सेंद्रिय मालासाठी आणखी ४० सेंट आहेत. संस्थेने मागणी केल्यास कराराच्या रकमेपैकी साठ टक्क्यांपर्यंत उचल आगाऊ देण्याचीही तरतूद आहे, आणि माझ्या मते ही तरतूद किमान दराइतकीच महत्त्वाची आहे, कारण तोडणीच्या हंगामात हातात रोकड नसलेला लहान शेतकरीच सर्वांत आधी दारात आलेल्या व्यापाऱ्याच्या हाती सापडतो.

म्हणजे हा एक प्रकारचा हमीभाव आहे, आणि हमीभावाच्या मर्यादाही त्याला लागू होतात. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,५२१ रुपये हमीभाव जाहीर केला होता. परंतु जाहीर झालेला भाव आणि केंद्रावर झालेली खरेदी यांत किती अंतर असू शकते, हे विदर्भात लहान मुलालाही कळते. फेअर ट्रेडमध्येही किमान दर लागू होतो तो त्या शिक्क्याखाली करार करून खरेदी झालेल्या मालापुरताच. प्रमाणपत्र असलेल्या अनेक संस्थांना आपल्या उत्पादनाचा मोठा भाग ग्राहक नसल्यामुळे साध्या बाजारात, साध्या भावाने विकावा लागतो. मात्र प्रमाणपत्राची आणि तपासणीची फी त्यांनी पूर्ण भरलेली असते. तेजीत चित्र उलटे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिकाचा दर पौंडाला चार डॉलरच्या वर गेला. अशा वेळी किमान दराला काहीच अर्थ उरत नाही, आणि सभासद आपला माल संस्थेऐवजी रोख देणाऱ्या खासगी व्यापाऱ्याला देतात. २०२२ मध्ये कापूस दहा हजारांच्या वर गेला तेव्हा खेडा खरेदी, म्हणजे व्यापाऱ्यांनी गावात येऊन केलेली खरेदी, जोरात होती आणि शासकीय केंद्रांकडे फिरकायला कोणी तयार नव्हते, त्याचीच ही दुसरी आवृत्ती. संस्थेने आधी केलेले करार मात्र पूर्ण करायचेच असतात.

आता शहरातील ग्राहकाच्या बाजूने हिशेब मांडून पाहू. डॉलर ८५ रुपयांच्या आसपास धरला, तर १.८० डॉलरचा किमान दर आणि २० सेंटचे अधिमूल्य मिळून कच्च्या कॉफीचा किलोमागचा दर सुमारे ३७५ रुपये होतो. भाजताना कॉफीचे वजन पंधरा-अठरा टक्क्यांनी घटते. दुकानातील एका मोठ्या कपात सोळा-सतरा ग्रॅम भाजलेली कॉफी जाते असे मानले, तर त्यासाठी सुमारे वीस ग्रॅम कच्ची कॉफी लागते. तिची किंमत झाली साडेसात रुपये. त्यातील अधिमूल्य पाऊण रुपया. दोनशे रुपयांच्या कपात ज्या गोष्टीचे नाव फळ्यावर सर्वांत मोठ्या अक्षरात आहे, तिचा वाटा एवढाच. बाजारभाव दुप्पट झाला तरी तो पंधरा रुपयांवर जातो. बाकीची रक्कम दूध, जागेचे भाडे, वीज, पगार, यंत्र, कर आणि नफा यांत जाते. यांपैकी कोणताही खर्च खोटा आहे असे मी म्हणत नाही. परंतु रास्त भाव देण्याचा भार ग्राहकावर पडेल म्हणून तो परवडत नाही, असे कोणी सांगू लागल्यास त्याच्यासमोर हा पाऊण रुपया ठेवावा.

हा दर शेतकऱ्याच्या खिशात जसाच्या तसा पडत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तो माल जहाजावर चढतो त्या टप्प्यावर, सहकारी संस्थेला मिळणारा दर आहे. फळावरची साल काढणे, बी धुणे, वाळवणे, टरफल काढणे, प्रतवारी, वाहतूक, संस्थेचा कारभार असे सगळे खर्च वजा जाऊन उरते ते सभासदाचे. संस्था चांगली चालली असेल तर उरते बरेच. संस्थेत चार पुढारी बसले असतील तर काय उरते, त्याचे नमुने आपल्याकडे शोधायला लांब जावे लागणार नाही. आणखी एक घटक या हिशेबात बहुधा सुटतो, तो म्हणजे तोडणी करणारा मजूर. लंडन विद्यापीठाच्या सोआस या संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये इथिओपिया आणि युगांडा येथील पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. फेअर ट्रेड संस्था असलेल्या भागांतील शेतमजुरांची मजुरी इतर भागांच्या तुलनेत चांगली नसल्याचे त्यांना आढळले. फेअर ट्रेड संघटनेने या निष्कर्षांवर आक्षेप घेतले. तरीही शेतमालकाला मिळालेल्या वाढीव दरातून मजुराची मजुरी आपोआप वाढत नाही, हे आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या बाया कुठल्याही अहवालाशिवाय सांगतील.

भारतातील कॉफीपुरते बोलायचे तर कर्नाटकातील कोडगू, चिक्कमगळूरू आणि हासन हे जिल्हे देशाच्या एकूण उत्पादनापैकी सुमारे सत्तर टक्के कॉफी पिकवतात. त्याखालोखाल केरळातील वायनाड आहे. उत्पादकांपैकी फार मोठी संख्या दहा हेक्टरांहून कमी क्षेत्र असलेल्यांची आहे, पण मोठे मळेही आहेत, आणि शहरांतील दुकानांत ज्यांची नावे कौतुकाने घेतली जातात ते बहुतेक हे मळेच असतात. फेअर ट्रेडच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार कॉफीसाठी प्रमाणपत्र फक्त लहान उत्पादकांच्या संस्थांना मिळते, मोठ्या मळ्यांना नाही. अमेरिकेतील शाखा २०११ मध्ये या संघटनेतून बाहेर पडली, आणि मळ्यांनाही प्रमाणपत्र द्यावे की नाही हा त्या फुटीमागचा एक प्रमुख वाद होता. तेव्हा एकाच मालकाच्या दोनशे एकरांच्या मळ्यातली कॉफी ‘फेअर ट्रेड’ म्हणून समोर आली, तर प्रमाणपत्र कोणाचे आहे, हा प्रश्न विचारायलाच हवा.

‘थेट खरेदी’ हा प्रकार याहून वेगळा. त्यात भाजणारा व्यावसायिक उत्पादकाशी स्वतः व्यवहार करतो. मधले दलाल नसल्यामुळे आणि उत्तम प्रतीच्या मालाला चांगली किंमत मिळत असल्यामुळे काही वेळा उत्पादकाला फेअर ट्रेडहूनही अधिक पैसे मिळतात. परंतु त्याला कोणताही नियम नाही, तपासणी नाही आणि व्यावसायिकाने स्वतः सांगितल्याखेरीज दर कोणाला कळत नाही. फेअर ट्रेडचा शिक्का नसेल तर नुसत्या ‘सेंद्रिय’ या शब्दातून दराची कसलीच हमी मिळत नाही. तो लागवडीच्या पद्धतीविषयी आहे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कॉफीत चिकोरी (एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड) मिसळली असेल तर कॉफीचे प्रमाण किमान ५१ टक्के असावे लागते आणि ते प्रमाण पाकिटावर छापणे बंधनकारक आहे. कपात काय आहे हे सांगण्याची सक्ती आहे. ते कोणी आणि कोणत्या दराने पिकवले, हे सांगणे मात्र विकणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले आहे.

या विषयाचा विदर्भाशी थेट संबंध आहे, तो चिखलदऱ्यामुळे. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती प्रामुख्याने मेळघाटातील या डोंगरावर. उंची सुमारे अकराशे मीटर, भोवती कोरकू वस्ती. पीक अल्प आहे आणि त्यातून लगेच काही मोठे घडेल असा भ्रम मला नाही. तरीही आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्याकडे पाहावे. तेथेही डोंगराळ आदिवासी भाग आहे. सावलीच्या झाडांखाली, मिरीच्या वेलींसोबत आदिवासी कुटुंबे लहान तुकड्यांवर कॉफी घेतात. त्यांच्या सहकारी संस्था आहेत आणि राज्याचे गिरिजन सहकारी महामंडळही खरेदीत उतरते. २०१९ मध्ये अराकूच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि ती पॅरिसमध्येही विकली जाते. तेथे खरेदीदार उभा राहिला, म्हणून लागवड टिकली, असे मला वाटते. चिखलदऱ्यात रोपे वाटण्याच्या योजना आखण्यापूर्वी शासनाने आणि आदिवासी विकास महामंडळाने खरेदी कोण करणार, कोणत्या दराने आणि किती दिवसांत चुकारा होणार, हे ठरवावे, अशी माझी सूचना आहे.

शहरातील कॉफी व्यावसायिकांकडून अपेक्षा फार नाहीत. जो माल ‘फेअर ट्रेड’ किंवा ‘थेट शेतकऱ्यांकडून’ म्हणून विकला जातो, त्याच्या पाकिटावर उत्पादक संस्थेचे किंवा मळ्याचे नाव, तोडणीचे वर्ष, कच्च्या मालासाठी किलोमागे मोजलेला दर आणि तो दर कोणत्या टप्प्याचा आहे, एवढे छापावे. ज्याने खरोखर चांगला दर दिला आहे त्याला हे छापण्यात अडचण नसावी, उलट तीच त्याची उत्तम जाहिरात ठरेल.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. कळमना बाजारातील संत्र्याचे आणि सोयाबीनचे भाव आपण नियमितपणे छापता. कॉफी मंडळ कर्नाटकातील अरेबिका पार्चमेंट (धुऊन टरफलासह वाळवलेली अरेबिका) आणि रोबस्टा चेरी (फळासकट वाळवलेली रोबस्टा, म्हणजे कॉफीची दुसरी मुख्य जात) यांचे ५० किलोच्या पोत्यामागील दर प्रसिद्ध करत असते. आठवड्यातून एकदा त्या दोन ओळी बाजारभावाच्या रकान्यात घातल्या, तर दुकानातील दराशी त्यांची तुलना वाचक स्वतः करू शकतील.

आपला विश्वासू,
एक वाचक
धरमपेठ, नागपूर