पक्यास पत्र: इन्व्हर्स काढूच नकोस

विश्रामबाग, सांगली

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू घाईत होतास, म्हणून आता सवडीने लिहितोय. टॉवरवर 64 अँटेना, एकाच वेळी 16 मोबाईल, झीरो फोर्सिंग प्रीकोडिंग (एकाचा सिग्नल बाकीच्यांकडे शून्य होईल असं आधीच मिसळून पाठवणं), आणि त्याला लागणारा मॅट्रिक्सचा इन्व्हर्स महाग पडतो म्हणून न्यूमन सिरीज, म्हणजे एकेक पद मिळवत इन्व्हर्सच्या जवळ जायचं, असं तुझं ठरलंय. मला विचारशील तर हे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी झालंय.

आकडेच बघ ना. चॅनेलवरून, म्हणजे प्रत्येक अँटेनापासून प्रत्येक मोबाईलपर्यंत सिग्नल कसा पोचतो त्या आकड्यांवरून, 16 बाय 16 चा ग्राम मॅट्रिक्स (प्रत्येक दोन मोबाईलचे चॅनेल किती सारखे, त्याचा तक्ता) करायचा. अर्धा काढला की उरलेला आपोआप मिळतो, तरी 136 घटक आणि प्रत्येकाला 64 गुणाकार, म्हणजे 8704. त्यापुढचं चोलेस्की, म्हणजे त्या मॅट्रिक्सचे दोन त्रिकोणी तुकडे करणं, साधारण 680 गुणाकारांत उरकतं. न्यूमन काटकसर करणार ती या 680 मध्ये! दोन पदांत भागलं तर ठीक. तिसरं घेतलंस की मॅट्रिक्सला मॅट्रिक्सने गुणणं आलं, झाले 4096. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

बरं, ती सिरीज जुळायला तर हवी? कर्णाचे घटक घेऊन सुरुवात केलीस तर अँटेना मोबाईलच्या जवळपास सहापट लागतात, तेही चॅनेल एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर. तुझ्याकडे चौपट आहेत. पदं वाढवशील तशी चूक वाढत जाईल.

आणि चॅनेल स्वतंत्र कुठले असायला! गणेशोत्सवात आपल्या गणपती मंदिरासमोर खांद्याला खांदा लावून उभे असलेले लोक आठव. शेजारच्या दोन मोबाईलचे चॅनेल जवळजवळ सारखे, मग एकाचा सिग्नल दुसऱ्याकडे शून्य करण्यातच सगळी पॉवर खर्ची पडते. तिथे कर्णात थोडी भर घाल, म्हणजे रेग्युलराइज्ड झीरो फोर्सिंग. थोडा इंटरफिअरन्स राहील, राहू दे.

चोलेस्कीत एकामागून एक पायऱ्या येतात, न्यूमन चिपवर समांतर चालतं, हे तुझं म्हणणं खरंय. पण चोलेस्की प्रत्येक सिंबॉलला (एका वेळी पाठवायच्या डेटाच्या तुकड्याला) कुठे करायचंय? 3.5 गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटर, आणि चॅनेल बदलायला मोबाईल त्यातला बऱ्यापैकी भाग हलावा लागतो. माणूस उभा असेल तर तोच मॅट्रिक्स कितीतरी सिंबॉलना पुरतो. मग दर सिंबॉलला दोन त्रिकोणी समीकरणं सोडवायची, 256 गुणाकार, आणि अँटेनांवर पसरवायचे 1024. अख्खा इन्व्हर्स लागतच नाही.

तुमच्या टीममध्ये कुणी कॉन्जुगेट ग्रेडियंट (मॅट्रिक्सचे तुकडे न करता अंदाज सुधारत उत्तराकडे जायची पद्धत) सुचवेल. चॅनेल भराभर बदलतो अशा गाडीतल्या मोबाईलसाठी बघा, एरवी नको.

चॅनेलचा मोजलेला डेटा असेल तर पाठव, रविवारी चालवून बघतो. काकूंना नमस्कार सांग. दिवाळीला आलास की आधी इकडे ये, भडंग बांधून ठेवतो.

तुझा,
दिल्या