सिस्ट आहे, पण कुठली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीतला पिट्युटरीजवळच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या हॉर्मोन्सच्या ग्रंथीजवळच्या) गाठींवरचा लेख वाचला. लेख बरा होता, पण सगळ्या सिस्ट (द्रवाने भरलेल्या गाठी) एकाच माळेत ओवून 'ऑपरेशन हाच उपाय' असं लिहून टाकलंय ते खटकलं. मी रेडिओलॉजीत आहे, रोज एमआरआय बघतो, आणि पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती एमएमची आहे?" आता साइज महत्त्वाची आहेच, वर डोळ्यांच्या नसांना टेकत असेल तर फारच, पण ती आहे कुठली हे साइजवरून कळत नाही, ते कळतं ती कुठे बसलीये आणि तिची भिंत कशी आहे यावरून.

रॅथके क्लेफ्ट सिस्ट गर्भात राहून गेलेल्या फटीतून होते, म्हणून बहुतेक वेळा बरोब्बर मधोमध, पिट्युटरीच्या पुढच्या आणि मागच्या भागाच्या मध्ये सापडते. आत कधीकधी एक बारीक दाणा दिसतो, टी-टूवर काळा, टी-वनवर पांढरट (हे एमआरआयच्या फोटोंचे दोन प्रकार), कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिलं तरी ढिम्म, चमकतच नाही. तो दिसला की मी बराच निर्धास्त होतो. कित्येकांना ही असते आणि जन्मभर पत्ता नसतो, अशांना नुसतं अधूनमधून स्कॅन करून लक्ष ठेवलं तरी पुरतं.

अ‍ॅडेनोमात (म्हणजे पिट्युटरीचीच, सहसा कॅन्सर नसलेली गाठ) आत रक्त झालं की तोही सिस्टच वाटतो. पण तो सहसा एका बाजूला असतो, आत पडदे असतात, रक्ताची आडवी लेव्हल दिसते.

खरी पंचाईत क्रॅनिओफॅरिंजिओमाची, ही पिट्युटरीजवळच होणारी, बरेचदा सिस्ट असलेली गाठ. लहान मुलांमधल्या प्रकारात साधारण दहातल्या नऊ वेळा कॅल्शियम असतं आणि नेमकं तेच दाखवण्यात एमआरआय कच्चा, साध्या सीटीत मात्र ते चटकन दिसतं. म्हणून शंका असेल तर "सीटी कशाला परत?" म्हणून वाद घालू नका. मोठ्यांमधल्या पॅपिलरी प्रकारात कॅल्शियम सहसा नसतंच, तेव्हा सीटी कोरा आला म्हणजे सुटलो असंही नाही.

अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट (मेंदूच्या आवरणातली पाण्याची पिशवी) एमआरआयच्या सगळ्या सिक्वेन्समध्ये, म्हणजे फोटोंच्या प्रकारांत, मेंदूतल्या पाण्यासारखीच दिसते, एपिडर्मॉइड (त्वचेसारख्या पेशींची सिस्ट) डिफ्युजन नावाच्या सिक्वेन्सवर चमकते, तिथे फार डोकं लावावं लागत नाही.

डॉक्टर मित्रांनाही एक सांगायचंय. फॉर्मवर नुसतं 'डोकेदुखी' लिहून पाठवू नका हो. दिसायला कमी झालंय का, पाळी बंद आहे का, सारखी लघवी आणि तहान आहे का, हॉर्मोन्सचे रिपोर्ट काय, हे कळलं तर आमचं उत्तर बदलतं. जुना स्कॅन असेल तर तोही द्या. आणि प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध आणणारं हॉर्मोन) थोडं वाढलंय म्हणून लगेच प्रोलॅक्टिनोमाचा (ते हॉर्मोन बनवणाऱ्या गाठीचा) शिक्का नको, पिट्युटरीला मेंदूशी जोडणाऱ्या दांडीवर कुठल्याही सिस्टचा दाब आला तरी ते थोडंफार वाढतंच.

आपला,
एक रेडिओलॉजिस्ट वाचक