भाऊ, तुम्ही आधी कापसाचा हिशेब विचारला होता

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखणार नाही. 2006 च्या जानेवारीत आमच्या बाबांनी कर्जापायी जीव दिला. नवव्या दिवशी तुम्ही, तालुक्याचे वार्ताहर, लुनावरून आमच्या गावात आला होता, यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या पुढे, आत. मी तेव्हा आठवीत होते.

तुमच्या आधी दोघंतिघं पेपरवाले येऊन गेले होते. एकानं मायला बाबांचा फोटो हातात धरायला लावला, "पदर नीट घ्या" म्हणाला आणि दहा मिनिटांत निघून गेला. तुम्ही ओसरीत बसलात, कोरा चहा घेतलात, आतल्या खोलीत भरलेल्या कापसाकडे पाहिलंत आणि विचारलंत, "वहिनी, किती क्विंटल असंल?"

नऊ दिवस माय कोणाशी धड बोलली नव्हती. हिशेब मात्र तिला तोंडपाठ होता. बीटी कापसाच्या बियाण्याच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशेच्या वर मोजलेले. दुबार पेरणी, खत, फवारणी. हमीभावावर मिळायचा तो क्विंटलमागे पाचशेचा बोनस सरकारनं बंद केलेला. ती सांगत गेली, तुम्ही शाळेच्या वहीत लिहीत गेलात. एका ठिकाणी तुमची बेरीज चुकली, ती तिनंच दुरुस्त केली.

मग तुम्ही सातबारा मागितलात. वावर आजोबांच्या नावावर, कर्ज बिनपरवाना सावकाराचं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला सरकार एक लाखाची मदत देत होतं, पण त्यासाठी तेव्हा जमीन स्वतःच्या नावावर हवी होती, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं होतं. म्हणजे आम्ही अपात्र. वर पंचनाम्यात कारण लिहिलं होतं, 'दारूचे व्यसन'. बाबा माळकरी होते. गळ्यातली माळ पंचनामा करणाऱ्याला दिसली नसेल का?

तुमच्या बातमीत ती माळ होती. मायचं नावही होतं, नुसती 'विधवा' नव्हती. मास्तरांनी बातमी वर्गात वाचून दाखवली, तेव्हापासून मला कोणी बेवड्याची पोर म्हटलं नाही. पुन्हा चौकशी झाली आणि दारूची ओळ गेली. पैसे आले नाहीत, अपात्र ते अपात्रच. आज लोकांना सांगते तेव्हा ते विचारतात, मग उपयोग काय झाला? त्यांना काय सांगावं?

तुम्ही त्या बातमीत बियाणं उधार देऊन दामदुपटीनं वसूल करणाऱ्या दुकानदाराबद्दलही लिहिलंत. तालुक्याच्या वार्ताहराचं पोट जाहिरातीच्या कमिशनवर चालतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवाळीला तुमच्या पानावर त्या दुकानदाराची जाहिरात नव्हती, आणि त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांचीही नव्हती.

पत्रकार पी. साईनाथांनी त्याच साली एक हिशेब मांडला होता: मुंबईत फॅशन वीकला 512 पत्रकार, तिथं सुती कपड्यांचा थाट, आणि तो कापूस पिकवणारे मरत होते त्या विदर्भात देशपातळीवरचे जेमतेम सहा. भाऊ, तुम्ही त्या सहांतही नव्हता. तुमचं मोजमाप कोण करणार, तुम्ही तर इथलेच! जुलैत पंतप्रधान येऊन गेले, विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना 3,750 कोटींचं पॅकेज मिळालं, आणि बँकेच्या थकीत कर्जावरचं व्याज माफ झालं. सावकाराच्या वहीला त्यातला एक रुपयाही लागला नाही, हे आमच्या भागात आधी लिहिलं ते तुम्हीच.

ते कात्रण माय सातबाऱ्याच्याच पिशवीत ठेवते. वावर आता तिच्या नावावर आहे. फेरफारासाठी सात चकरा मारल्या, त्यातल्या दोनदा तुम्ही सोबत होता. तेही आभारात धरा.

आणि एक काम आहे. परवा आमच्या खालच्या आळीत एक कास्तकार गेला. पंचनामा झाला, मी जाऊन वाचला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती वाद' आहे. त्याच्या घरी मी हिशेब लिहून घेतलाय, बेरीज दोनदा तपासली आहे. तुमची तब्येत बरी नसते असं ऐकलं, म्हणून वही घेऊन रविवारी मीच येते.

तुमची,
आठवीतली पोर